पोस्टवाले साब

पुण्या-मुंबईचे नातेवाईक आले की एक प्रश्न हमखास येतो, "तुमचं मराठी असं कसं गं?" असं म्हणजे कसं, तर वाक्याच्या मध्येच हिंदी, शेवटी एक 'ना', आणि ऑटोवाल्याशी बोलायला लागलो की भलतीच भाषा. मी आता त्यांना उलट सांगते, आमचं मराठी बिघडलं असेल, पण आमच्या शहराच्या हिंदीत मराठी किती मुरलंय ते आधी ऐका. हैदराबादचा 'नक्को' हा आपला 'नको'. 'अभीच', 'वैसाइच', 'मैंइच' यांतला 'च' आपलाच, जोर द्यायचा. मोझमजाही मार्केटमधला फळवाला, ओल्ड सिटीतला बांगडीवाला, हायटेक सिटीच्या कॅन्टीनमधला पोरगा, यांपैकी कुणालाही आपण मराठीतला 'च' वापरतोय हे माहीत नसतं. शेकडो वर्षं एकाच बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांनी भाजी घेतली, त्याचा हा हिशेब.

आणि एक शब्द आहे 'परसों'. उत्तरेत त्याचा अर्थ दोन दिवस मागे किंवा पुढे. आमच्याकडे परसों म्हणजे परवापासून ते पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत काहीही. "परसोंइच मेरी शादी हुई" म्हणणाऱ्याची मुलं कॉलेजात असू शकतात. आमच्या टीममध्ये नोएडाहून आलेला एक मुलगा या शब्दापायी पहिले दोन महिने पार गोंधळला होता. हा शब्द पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

लिहायचंय ते माझ्या बाबांबद्दल, आणि बाबांपेक्षाही जास्त ते रोज ज्या रस्त्याने चालतात त्या रस्त्याबद्दल.

आमचं जुनं घर बडी चावडीत. माझे आजोबा परभणी जिल्ह्यातून निजामाच्या काळात नोकरीसाठी इथे आले. तेव्हा ते परराज्यात वगैरे आले नव्हते. परभणी, नांदेड, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हे सगळे जिल्हे हैदराबाद संस्थानातच होते आणि हे शहर राजधानी होतं. गावाकडून लोक मुंबईला जात नसत, काचीगुड्याला उतरत. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगणा आंध्रात. आजोबा जिथे होते तिथेच राहिले. इथल्या कितीतरी मराठी घरांची हीच गोष्ट आहे. घर हललं नाही, पण कागदावर आपण बाहेरचे झालो.

बाबा पोस्टात होते. १९७२ साली लागले, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिन कोड सुरू झाला. त्यामुळे पिन कोड आणि आपण एकाच बॅचचे, असं ते म्हणत. आयुष्य सॉर्टिंगमध्ये गेलं, अधूनमधून काउंटर. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे मनीऑर्डरचे फॉर्म बाबा भरून देत. फॉर्मच्या कुपनावर पैसे पाठवणाऱ्याचा निरोप लिहायला थोडीशीच जागा असे, त्यात मावेल असा निरोप करून देणं ही त्यांची खासियत. "सब खैरियत, बैल नक्को बेचो, अगले महीने आतुं" असला निरोप त्यांनी तेलुगूत, उर्दूत, मराठीत किती वेळा लिहिला असेल! त्यामुळे कोठी, सुलतान बाजार, काचीगुडा भागात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. ते 'पोस्टवाले साब'.

आता ते ७६ वर्षांचे आहेत. आई जाऊन चार वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे असं सांगितलं. जेवण झालं की नाही ते आठवत नाही, गॅस चालू राहतो, कधी आईला हाक मारतात. पण परभणी म्हटलं की ४३१४०१. काचीगुडा म्हटलं की ५०००२७. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तो गावांची नावं घेत बसतो आणि आजोबा आकडे सांगतात. दोघांचा हा खेळ अर्धा-अर्धा तास चालतो. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे, हे त्यांनी त्याला इतक्यांदा समजावलंय की पोराला शाळेच्या पाढ्यांपेक्षा ते पक्कं येतं. नातवाचं नाव मात्र मध्येच निसटतं.

मी राहते कोंडापूरला, ऑफिस हायटेक सिटीत. नवरा, मुलगा, सासूबाई. बाबा बडी चावडीत एकटे. वरच्या मजल्यावर भाडेकरू अक्का आहेत, सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाची अम्मा येते. बाबांना इकडे आणायचं, भाऊ पुण्यात आहे तर तिकडे न्यायचं, की आहे तिथेच ठेवायचं, हा प्रश्न गेलं दीड वर्ष आमच्या घरात आहे. डॉक्टर म्हणाले, रोजचा क्रम शक्यतो मोडू नका. म्हणजे तो रोजचा क्रम नक्की काय आहे हे आधी बघायला हवं होतं. मी दर शनिवारी त्यांच्याबरोबर फिरायला जायला लागले आणि सवयीप्रमाणे मोबाइलमध्ये एक शीट उघडलं. ठिकाण, वेळ, माणूस, फोन नंबर असे चार रकाने केले. कॉम्प्युटरवाल्यांना दुःखाचंही शीट केल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला इलाज नाही.

पहिला थांबा इराणी हॉटेल. संगमरवरी टेबलं आता जाऊन सनमायकाची आली आहेत, पण चहा तोच. डिकॉक्शन वेगळं उकळतं, दूध वेगळं आटतं, दोन्ही कपातच एकत्र येतात. बाबा बसले की न सांगता चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं येतात. त्या दिवशी चहा संपला, दहा मिनिटं गेली, आणि बाबांनी पुन्हा तितक्याच उत्साहाने हात वर केला, जणू आत्ताच आलोय. मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात वेटरने मला डोळ्यांनीच थांबवलं. दुसरा कप आला. गल्ल्याशी पैसे द्यायला गेले तर तो मागून येऊन म्हणाला, "दूसरी बार मंगाए तो खाली दूध देतुं, ऊपर से जरा रंग. रात को नींद नहीं आती ना उनको." बिल एकाच चहाचं. हे किती दिवस चाललंय विचारलं, तर म्हणाला, "परसों से." मी मनातल्या मनात हिशेब केला. डॉक्टरांच्या आधीपासून, हे नक्की.

पुढे इस्त्रीवाला. लिंबाच्या झाडाखाली गाडी, कोळशाची इस्त्री. हा मूळचा महबूबनगरकडचा, तेलुगूत बोलतो. "पोस्टु सारू, बागुन्नारा?" बाबा म्हणतात, "बागुन्नानु." बाबांचे दोन शर्ट रोज जातात आणि रोज येतात. मी बघितलं, एक शर्ट धुतलेलाही नव्हता, कालचीच घडी होती. त्याने तो उलगडला, पुन्हा इस्त्री फिरवली आणि पुन्हा घडी करून दिला. महिन्याचे पैसे मात्र तो मोजून जेवढे खरे शर्ट तेवढ्याचेच घेतो, हे मला अक्कांकडून कळलं. त्याच्या वडिलांच्या मनीऑर्डरी बाबांनी लिहिलेल्या. तो तेव्हा लहान होता, वडिलांचं बोट धरून पोस्टात यायचा.

मग मेडिकल दुकान. तिथले भाई बाबांना आत बोलवून खुर्चीवर बसवतात, पाणी देतात. गोळ्या दुसऱ्यांदा मागितल्या तर देत नाहीत, "माल कल आता साब" म्हणतात. उद्या बाबा विसरलेले असतात.

आणि मग कोठीचा जुन्या पुस्तकांचा रस्ता. माझ्या बी.ई.ची निम्मी पुस्तकं मी तिथून घेतलीत, आणि त्यातली निम्मी तिथेच परत विकली. उस्मानियाच्या किती पिढ्या त्या फुटपाथवर इंजिनिअर झाल्या कुणी मोजलं नसेल. एका पुस्तकवाल्याने बाबांसाठी प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलंय. बाबा बसतात आणि समोरचा ढीग सॉर्ट करायला घेतात. मी बराच वेळ बघत होते, हे कशाच्या हिशेबाने लावतायत ते कळेना. विषयही नाही, जाडीही नाही. मग लक्षात आलं. ते प्रत्येक पुस्तकाचं आतलं पान उघडून प्रकाशकाचा पत्ता बघत होते. ११०००२ वाली, म्हणजे दिल्ली दर्यागंजची, एका बाजूला. ६०० ने सुरू होणारी चेन्नईची दुसरीकडे. ज्यांच्यावर पिन कोड नाही अशी जुनी पुस्तकं तिसऱ्या ढिगात, आणि त्यांच्याकडे बघून जरा नाराजी. हात इतके भराभर चालत होते की त्यांना काही झालंय असं कुणाला वाटलं नसतं.

"हे सगळं मग तुम्हाला परत लावावं लागत असेल," मी पुस्तकवाल्याला म्हटलं.

"हौ. तो क्या हुआ," तो म्हणाला. "दोपहर में गिराक कम रहते."

कधीकधी तिथून इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जातो. बाबा वर्तमानपत्र उघडून बसतात. एकच पान बराच वेळ समोर असतं. पण बसण्याची ढब अशी की शेजारचा माणूस विचारतो, "झालं का वाचून?" आणि बाबा म्हणतात, "थांबा जरा."

हा रस्ता फार सुंदर आहे असा कुणाचा समज होऊ नये. फुटपाथ विक्रेत्यांनी व्यापलेला, रस्त्यावर मोटारसायकली उलट्या दिशेने येतात, पावसाळ्यात कुठलं झाकण कुठे उघडं असेल सांगता येत नाही. आणि सगळेच संतही नाहीत. एक पपईवाला बाबांकडून एकाच पपईचे दोनदा पैसे घेताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. त्याचंही नाव शीटमध्ये आहे, फक्त रकाना वेगळा.

गेल्या मे महिन्यात आम्ही बाबांना बारा दिवस कोंडापूरला आणलं होतं. आमची सोसायटी मोठी आहे, झाडं आहेत, चालायला वेगळा ट्रॅक आहे, सगळीकडे कॅमेरे. सुरक्षा म्हणाल तर बडी चावडीच्या शंभरपट. बाबा संध्याकाळी ट्रॅकवर फिरायला जायचे. सासूबाई बरोबर असायच्या, पण त्यांचे गुडघे दुखतात, त्या बाकावर बसायच्या. चौथ्या दिवशी बाबा चालत चालत गेटपर्यंत गेले. गार्ड अतिशय नम्र. त्याने विचारलं, "सर, फ्लॅट नंबर?" बाबांनी सांगितलं, "५०००२७." त्याने पुन्हा विचारलं, टॉवर कुठला. बाबांनी आमच्या जुन्या घराचा नंबर सांगितला. हैदराबादचे जुने घर क्रमांक तुम्हाला माहीत आहेत, आधी वॉर्ड, मग ब्लॉक, मग घर, मध्ये आडव्या रेघा. एकही आकडा चुकला नाही. गार्डने तो टॅबमध्ये टाकून बघितला. अर्थातच काही आलं नाही. त्याने त्यांना खुर्ची दिली, पंखा लावला आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला, 'कुणाच्या घरचे आहेत?' मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून माझ्या बाबांचा तो फोटो बघितला.

त्या मुलाने काही वावगं केलं नाही. त्याची नोकरी नंबर विचारण्याचीच आहे, आणि त्याने ती चांगली केली. सोसायटीतले लोकही वाईट नाहीत. फोटोखाली किती जणांनी काळजीने लिहिलं होतं. पण आमची सोसायटी नऊ वर्षांची आहे. तिथे बाबांना चालण्यावरून ओळखणारा माणूस अजून तयार व्हायचाय, आणि त्याला लागणारा वेळ बाबांकडे नाही. बाराव्या दिवशी मी त्यांना परत सोडलं. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याने हाक मारली आणि बाबांची मान एकदम ताठ झाली.

त्यानंतर मी माझ्या धंद्यातला उपाय केला. जीपीएसचं घड्याळ आणलं. बाबा कुठे आहेत ते माझ्या फोनवर निळ्या ठिपक्याने दिसायचं.

जुलैतल्या एका मंगळवारी संध्याकाळी पावणेसातला अक्कांचा फोन आला. बाबा साडेचारला बाहेर पडले ते आलेच नाहीत. मी फोनवर बघितलं, निळा ठिपका घरातच. अक्कांनी आत जाऊन बघितलं. घड्याळ बाथरूममधल्या खुंटीवर होतं.

बाहेर पाऊस. त्या वेळी हायटेक सिटीहून कोठीला गाडीने निघणं म्हणजे दोन तास. मी मेट्रो पकडली. ज्यांना हा मार्ग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हायटेक सिटीहून निळ्या लाइनने अमीरपेट, तिथे बदलून लाल लाइनने एमजी बस स्टेशन, एकूण सतरा स्टेशनं. मी दाराशी उभी राहून शीट उघडलं आणि वरून एकेक नंबर लावायला घेतला.

माधापूर. इराणी हॉटेल. "आए थे, चाय पिए. एकीच कप. फिर पुतलीबावली की तरफ निकले." पुतलीबावली रोजच्या रस्त्यावर नाही.

युसुफगुडा. मेडिकलवाले भाई. त्यांच्याकडे आले नव्हते. "रुको बेटा," म्हणाले, आणि दुकानातल्या पोराला स्कूटर घेऊन पाठवल्याचा आवाज मला फोनवरच ऐकू आला.

अमीरपेटला गाडी बदलताना पुस्तकवाला. त्याने बघितलं होतं. "बुलाया मैं. रुके नहीं. हाथ में थैली थी, डब्बे की." डबा कसला, मला काही कळेना. अक्कांना विचारलं. स्वयंपाकघरातला जुना तीन पुडांचा स्टीलचा डबा जागेवर नव्हता.

खैरताबाद, लकडीका पूल. इस्त्रीवाल्याचा फोन त्याच्याकडूनच आला. त्याने ऑटोस्टँडवर सांगितलं होतं, चार ऑटो चार दिशांना गेले होते. मी सांगितलेलं नव्हतं. पैसे वगैरे कुणी विचारलेलं नव्हतं.

असेंब्ली स्टेशन सोडलं आणि एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मैडम, मिल गए. उस्मानिया दवाखाने के पास हैं. आप आओ आराम से, मैं हूँ."

एमजीबीएसला उतरून मी ऑटोने अफजलगंजला पोचले तेव्हा पाऊस थांबला होता. दवाखान्याच्या फाटकाजवळ एका बंद टपरीच्या पत्र्याखाली बाबा बसले होते, मांडीवर डबा. शेजारी ऑटोवाला उकिडवा. बाबांचे खांदे भिजलेले, पण डोक्यावर कुणाचा तरी रुमाल. मी जवळ जायला लागले तर त्याने हातानेच खूण केली, जरा थांबा.

बाबा त्याला विचारत होते, बायकांचा वॉर्ड कुठला, गेटवरचे सोडत नाहीत, डबा गार होईल. १९८३ साली माझ्या आजीला याच दवाखान्यात दीड महिना ठेवलं होतं. बाबा पोस्टातून सुटले की रोज संध्याकाळी डबा घेऊन चालत जात. लहानपणी या रस्त्याने जाताना ते आम्हाला आवारातलं चिंचेचं झाड दाखवायचे. १९०८ सालच्या २८ सप्टेंबरला मुसीला पूर आला तेव्हा त्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली, हे सांगायचे, आणि पाठोपाठ आजीची गोष्ट. मला दोन्ही पाठ होत्या. त्या ऑटोवाल्याला यातलं काहीच माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो तिशीचा असेल, माझ्यापेक्षा लहानच.

तो बाबांना म्हणाला, "साब, अम्मा की छुट्टी तो परसोंइच हो गई. घरकू चले गए उनो."

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "छुट्टी हो गई?"

"हौ साब. अच्छे होके गए. चलो, घर पेच मिलते."

बाबा उठले. डबा त्याच्या हातात दिला आणि ऑटोत बसले. मला बघून म्हणाले, "अगं, आजीला सोडलं, तू कशाला आलीस एवढ्या लांब?"

आजी खरंच त्या आजारातून बरी होऊन घरी आली होती. पुढे सहा वर्षं होती. आणि आमच्या शहराच्या हिशेबाने १९८३ हे परसोंच. तेव्हा तो मुलगा जे बोलला त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. घरी पोचल्यावर मी पाचशेची नोट पुढे केली. त्याने "नक्को" म्हटलं. मी पुन्हा दिली. त्याने मीटर बघून त्र्याऐंशी रुपये घेतले आणि सुटे परत केले. तुला हे असं बोलायचं कसं सुचलं, असं मी विचारलं. "मेरे दादा भी ऐसेइच थे," एवढंच म्हणाला आणि गेला. त्याचा नंबर शीटमध्ये सर्वांत वर आहे.

भाऊ दुसऱ्या दिवशी विमानाने आला. त्याचं म्हणणं, आता पुरे, घर विकू आणि बाबांना पुण्याला नेऊ. तो रागाने बोलला नाही, भीतीने बोलला. "एखाद्या दिवशी तो ऑटोवाला नसेल तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. उघडं झाकण आहे, सिग्नल न पाळणारी बस आहे, हिवाळ्यातल्या लवकर पडणाऱ्या रात्री आहेत. तो म्हणतो तू त्या गल्लीच्या प्रेमात आहेस. असेनही. पण गेल्या दीड वर्षात मी जे मोजलंय ते प्रेमात पडून मोजलेलं नाही. बाबांचा दिवस सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा चालतो, त्यात त्यांच्याशी किमान पंधरा माणसं बोलतात, आणि त्यांपैकी कुणीही त्यांना 'आठवतंय का' असं विचारत नाही. घरी आम्ही सगळे तेच विचारत असतो. ओळखा पाहू मी कोण? काल काय जेवलात? बाहेरच्या लोकांना असल्या परीक्षेची गरज नसते. ते आपल्याकडचं सांगतात. "साब, आज धूप बहुत है." त्याला उत्तर द्यायला कालचं काही आठवावं लागत नाही.

सध्या एवढं ठरलंय. दिवसा सोबतीला एक मुलगा ठेवलाय, तो बाबांच्या मागे वीस पावलांवर चालतो. बरोबर चाललेलं बाबांना खपत नाही. मी आठवड्यातून दोन दिवस बडी चावडीतूनच काम करते. खालच्या खोलीत नेट घेतलंय, मीटिंगमध्ये मागून अझान, देवळाची घंटा आणि भंगारवाल्याची हाळी असं सगळं ऐकू येतं, अमेरिकेतल्या लोकांनी आता विचारणं सोडलंय. बाबांच्या प्रत्येक शर्टाच्या खिशात एक कार्ड असतं. ते इस्त्रीवाला तपासतो, खिसा रिकामा दिसला तर त्याच्याकडच्या गठ्ठ्यातलं एक घालतो. भाऊ दिवाळीत येईल तेव्हा पुन्हा बोलायचंय. कदाचित तेव्हा त्याचंच ऐकावं लागेल.

तुम्हा मंडळींपैकी बरेच जण माझ्याच वयाचे किंवा लहान असाल, आणि तुमच्याही घरात जुन्या वस्तीत राहणारं कुणीतरी असेल. त्यांच्याबरोबर एकदा त्यांच्या रस्त्याने जाऊन या, त्यांच्या वेगाने. दूध कुठे घेतात, कुठे टेकतात, कुणाला हात करतात. नंबर घेऊन ठेवा. मी घेतले तेव्हा प्रत्येकाने माझाही घेतला. पुस्तकवाल्याच्या फोनमध्ये मी काय नावाने आहे ते त्याने दाखवलं, 'पोस्ट साब की बेटी'. माझी बी.ई., माझं पद, सोळा वर्षांचा अनुभव, सगळं त्या चार शब्दांच्या मागे कुठेतरी.

परवा, म्हणजे खरंच परवा, गुरुवारी, मी कोंडापूरला होते. अकरा वाजता इस्त्रीवाल्याचा फोन आला. पोस्टु सारू आज आले नाहीत. मी सांगितलं, थंडी वाजून येतेय, सर्दी आहे, घरी झोपलेत. पंधरा मिनिटांनी इराणी हॉटेलचा. मग मेडिकलवाले भाई, गोळी कोणती दिली ते विचारायला. मी स्क्रीन शेअर करून काहीतरी समजावत होते, फोन पुन्हा वाजला. पुस्तकवाला. मी माइक बंद केला आणि म्हटलं, "सर्दी है भाई, कुछ नहीं. घर पेच हैं."